ही गाडी मधल्या स्थानकांवर थांबणार नाही

लहानपणी मे महिन्यात मामाकडे डोंबिवलीला जायचो. मामा ठाण्याला नेताना हट्टाने फास्ट लोकलच पकडायचा. कोपर, दिवा... एकेक स्टेशन खिडकीतून धाडधाड मागे पडायचं आणि प्लॅटफॉर्मवरची माणसं आमच्याकडे बघत राहायची. मला त्यांची फार काळजी वाटायची. "मामा, यांना कोण घेऊन जाणार?" मामा म्हणायचा, "मागून स्लो येतेय रे बाबा." एवढं ऐकलं की माझं समाधान व्हायचं.

आता मागून स्लो येणारच नाही असं समजा. एकोणतीस वर्षं. आणि प्लॅटफॉर्मवर प्रवासी नाहीत, अंधुक दिवा आहे, विटांनी बांधलेली एक खोली आहे आणि तिच्या फटीतून दोन जोडी डोळे तुमच्या गाडीकडे बघतायत.

अशा स्टेशनातून मी गेलं दीड वर्ष रोज ऑफिसला जातो आणि मला पत्ता नव्हता.

तर मंडळी, झालं असं. मी बर्लिनमध्ये हुम्बोल्टहाइन नावाच्या स्टेशनाजवळ राहतो आणि ऑफिस पोट्सडामर प्लाट्झला. एस-बान म्हणजे इथली लोकल. हुम्बोल्टहाइन सोडलं की गाडी उतारावरून जमिनीखाली शिरते. मग नॉर्डबानहोफ, ओरानियनबुर्गर स्ट्रास, फ्रीडरिशस्ट्रास, ब्रांडेनबुर्गर टोअर आणि पोट्सडामर प्लाट्झ. जेमतेम दहा मिनिटं. एवढ्यात मी फार तर मेल बघतो आणि आजच्या स्टँडअपमध्ये 'काल काय केलं' याचं उत्तर रचतो. एका शनिवारी डोक्यात एक बग घोळत होता, त्या नादात नॉर्डबानहोफलाच उतरलो. दार बंद झाल्यावर कळलं. पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून जिना चढून वर गेलो, तर भिंतींवर मोठमोठे फोटो आणि नकाशे. तिथे तासभर गेला. ज्या कामासाठी निघालो होतो ते आजतागायत राहिलंय.

या बोगद्याची जन्मकथाही बरी नाही. 1930 च्या दशकात नाझी राजवटीत शहराच्या उत्तर आणि दक्षिणेकडच्या लोकल जमिनीखालून जोडायचं काम निघालं. 1936 च्या ऑगस्टमध्ये ऑलिम्पिक, त्यामुळे डेडलाईन हलणार नव्हती. (आपल्याला या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.) ऑगस्ट 1935 मध्ये ब्रांडेनबुर्ग गेटजवळ खोदकाम कोसळलं आणि 19 कामगार मेले. तरी उत्तरेचा पहिला टप्पा जुलै 1936 मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, सुरू झालाच. उरलेला 1939 मध्ये. मग युद्ध. मे 1945 मध्ये बर्लिन पडताना कालव्याखालच्या भागात स्फोट झाला आणि पाणी आत शिरलं. सगळा बोगदा भरला, शेजारच्या भुयारी मेट्रोतही पाणी गेलं. उपसून, दुरुस्त करून सलग गाडी धावायला 1947 साल उजाडावं लागलं.

नॉर्डबानहोफचं मूळ नाव वेगळंच. श्टेटिनर बानहोफ. श्टेटिन शहराकडे, बाल्टिक समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या इथून सुटायच्या. बर्लिनकर उन्हाळ्यात पोराबाळांना घेऊन समुद्रावर जायचे ते इथून. युद्धानंतर श्टेटिन पोलंडमध्ये गेलं. मग 1950 मध्ये स्टेशनाचं नाव बदलून 'उत्तर स्टेशन' केलं. गाव गेलं, दिशा तेवढी राहिली. 1952 मध्ये वरचं लांब पल्ल्याचं स्टेशन बंद झालं आणि खालची लोकल चालू राहिली.

आता मुख्य भानगड. शहराचे दोन भाग झाले होते, पण गाड्या दोन्हीकडे धावत होत्या. पूर्वेत राहायचं, पश्चिमेत कामाला जायचं, असं हजारो लोक करत होते. आणि काही लोक संध्याकाळी परतच येत नव्हते. 1949 पासून 1961 पर्यंत पूर्व जर्मनीतून सुमारे 27 लाख माणसं निघून गेली. त्यातल्या पुष्कळांनी फक्त लोकलचं तिकीट काढलं होतं. डॉक्टर, शिक्षक, आणि हो, इंजिनिअरही. आजच्या भाषेत ॲट्रिशन रेट हाताबाहेर गेला होता.

13 ऑगस्ट 1961. शनिवारची रात्र संपून रविवार लागला आणि पूर्वेने सीमा बंद केली. (मोठं रिलीज नेहमी वीकेंडलाच का करतात, याचं उत्तर तिथेही तेच असावं. लोक झोपलेले असतात.) वर काटेरी तार आली, मग भिंत. तिच्याबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण जमिनीखाली काय करणार? पश्चिम बर्लिनच्या तीन लाईन्स अशा होत्या की ज्या पश्चिमेत सुरू होऊन पश्चिमेत संपायच्या, पण मधला तुकडा पूर्वेच्या पोटातून जायचा. आजच्या नावांनी यू-6, यू-8 आणि आमची ही एस-बान. शहराचा पूर्व भाग मध्यभागी पश्चिमेत घुसल्यासारखा आहे, त्याचा हा परिणाम.

लाईन तोडली तर पश्चिमेची गैरसोय, पण पूर्वेचंही नुकसान. कारण आपल्या हद्दीतून गाड्या नेण्याबद्दल पश्चिमेकडून पैसे मिळत होते, तेही पश्चिमेच्या चलनात. एस-बानची तर आणखी गंमत. ती अख्ख्या शहरात, पश्चिमेतसुद्धा, पूर्व जर्मनीची रेल्वेच चालवायची. जानेवारी 1984 पर्यंत. भिंत झाल्यावर पश्चिमेतल्या लोकांनी एस-बानवर बहिष्कार टाकला. आपल्या तिकिटाच्या पैशातून ते काटेरी तार विकत घेतात, असं त्यांचं म्हणणं.

तर तोडगा असा निघाला की गाड्या चालू द्यायच्या, फक्त थांबू द्यायच्या नाहीत. आमच्या धंद्यातला माणूस हे लगेच ओळखेल. ग्राफमधला नोड काढून टाकायचा आणि एज तशीच ठेवायची. जमिनीखालची 15 स्टेशनं आणि उघड्यावरचं बोर्नहोल्मर स्ट्रास, अशी 16 ठिकाणं यादीतून गेली. जिन्यांची तोंडं चिणून टाकली. रस्त्यावरच्या पाट्या उतरवल्या. पूर्वेच्या नकाशावरून या लाईन्सच नाहीशा झाल्या. पश्चिमेच्या नकाशावर स्टेशनं दिसायची, पण खाली तळटीप असायची: 'जिथे गाड्या थांबत नाहीत अशी स्टेशनं.' सीमेच्या अलीकडच्या स्टेशनवर प्रवाशांना सूचना मिळायची की पश्चिम बर्लिनमधलं हे शेवटचं स्टेशन. मग गाडी वेग कमी करून अंधारात शिरायची. लोकांनी त्या स्टेशनांना नाव पाडलं 'गाइस्टरबानहोफ', म्हणजे भुतांची स्टेशनं.

हुम्बोल्टहाइन पश्चिमेत, आनहाल्टर बानहोफ पश्चिमेत. मधली माझी सगळी स्टेशनं पूर्वेत. अपवाद एकट्या फ्रीडरिशस्ट्रासचा. तिथे गाडी थांबायची आणि पश्चिमेचा माणूस पासपोर्ट न दाखवता एका लाईनवरून दुसऱ्या लाईनवर जाऊ शकायचा, पूर्व बर्लिनच्या पोटात उभा राहून. प्लॅटफॉर्मवरच्या सरकारी दुकानात स्वस्त दारू आणि सिगरेटी मिळायच्या, पश्चिमेच्या नोटांवर. त्याच इमारतीत भिंतीपलीकडे पूर्वेचा प्लॅटफॉर्म होता. परत निघालेल्या पाहुण्यांसाठी 1962 मध्ये बाहेर काचेची एक इमारत बांधली, तिला लोक 'अश्रूंचा महाल' म्हणायचे. इथून पुढे पाहुणा जाणार, घरचे मागे राहणार. 2011 पासून तिथे संग्रहालय आहे. परवा जाऊन आलो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन, इथे जागा नाही.

नॉर्डबानहोफकडे परत येतो. बंद स्टेशनावर पहारा लागतो, कारण गाडी जरी थांबत नसली तरी ती हळू जाते, आणि हळू जाणारी गाडी पूर्वेतल्या माणसासाठी म्हणजे पश्चिमच. म्हणून प्लॅटफॉर्मवर पहारेकरी. पण पहारेकरी हाही पूर्वेतला माणूसच की! तो पळाला तर? म्हणून त्यांना जोडीने ठेवायचे. दोघांची गट्टी जमू नये याचीही काळजी घ्यायची. एकाने गाड्यांवर आणि बोगद्यावर लक्ष ठेवायचं, आणि दोघांनी एकमेकांवर. पेअर प्रोग्रॅमिंगचा इतका भयाण वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

मला तिथे उभं राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत होती. हुकूम वरून आला, ठीक. पण 'सीमा बंद करा' या तीन शब्दांतून स्टेशन बंद होत नाही. जिन्याची रुंदी कुणीतरी टेप लावून मोजली असणार. विटा किती, सिमेंट किती, याचा अंदाज कुणीतरी काढला असणार. ड्रायव्हरसाठी नवं वेळापत्रक कुणीतरी लिहिलं असणार. जुन्या नकाशावरून सोळा ठिपके कुणीतरी खोडले असणार, आणि मग लांब धरून, नीट दिसतंय ना, रिकामी जागा विचित्र वाटत नाही ना, हे बघितलं असणार. तो माणूस क्रूर असेल असं मला वाटत नाही. तो माझ्यासारखा असेल. संध्याकाळी घरी जाऊन म्हणाला असेल, आज काम आटोपलं बुवा वेळेत.

माझ्या टीममध्ये टेस्टिंगला एक बाई आहेत, वय पंचावन्नच्या आसपास, जन्म पूर्व बर्लिनचा. आमच्याकडे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण माझ्या तोंडून अजून त्यांचं नुसतं नाव नीट निघत नाही. सोमवारी कॉफीच्या मशीनपाशी त्यांना हे सांगितलं. आधी त्या हसल्या. म्हणाल्या, तू रोज येतोस आणि तुला आत्ता कळलं? मग म्हणाल्या, आमचं घर शाउसेस्ट्रासला होतं. यू-6 त्या रस्त्याखालूनच जाते. फुटपाथवर लोखंडी जाळी होती. थंडीत त्या जाळीतून ऊबदार हवा यायची म्हणून त्या शाळेतून येताना तिच्यावर उभ्या राहायच्या. दर थोड्या वेळाने पायाखाली काहीतरी घरघरायचं. एकदा वडिलांना विचारलं, "बाबा, खाली काय आहे?"

वडील म्हणाले, "काही नाही. पाण्याचे पाईप आहेत."

"त्यांना माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"त्यांना?" त्या म्हणाल्या. "ते लहानपणी रोज त्याच गाडीने जायचे."

कॉफी घेऊन त्या जागेवर गेल्या. मीही गेलो. पण ते पाण्याचे पाईप काही डोक्यातून जाईनात. त्याला कारण आहे, आणि खरं तर ते सांगायलाच आज लिहायला बसलोय. बाकी इतिहास तुम्हाला कुठेही मिळाला असता.

बर्लिनला यायच्या आधी मी पुण्यात एका कंपनीत होतो. नाव राहू दे. मोबाईलवरून कर्ज देणारं ॲप होतं. फॉर्म भरा, पाच मिनिटांत उत्तर. एका शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडे एक तिकीट आलं. सोबत एक्सेलची फाईल, तिच्यात तीनशेच्या वर पिनकोड. हे 'सेवा उपलब्ध नाही' या यादीत टाका. कारण लिहिलेलं नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. अशा वेळी कारण विचारणं म्हणजे आणखी एक मीटिंग, आणि मला साडेसातची बस गाठायची होती. फाईल उघडली, रकाने ठीक आहेत का बघायला खाली स्क्रोल केलं, आणि मध्येच एक नंबर ओळखीचा दिसला. पत्रावर लहानपणी इतक्यांदा लिहिलेला नंबर डोळा सोडत नाही. मराठवाड्यातलं माझ्या आत्याचं गाव.

किती वेळ थांबलो? प्रामाणिकपणे सांगतो, पाच सेकंद. मग फाईल लोड केली. बदलाची नोंद लिहिली: 'किरकोळ डेटा अपडेट'. सीनियरने दोन मिनिटांत मंजूर केलं. बस मिळाली.

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी आत्याच्या मुलाचा फोन आला. त्याला दुधाच्या फेरीसाठी मोटरसायकल घ्यायची होती. तालुक्याचा फायनान्सवाला भलतंच व्याज सांगत होता. "दादा, ते तुमच्याच कंपनीचं ॲप हाय ना? त्यात सगळं भरलं मी. आधार, पॅन, फोटो, सगळं. शेवटाला म्हनतंय, तुमच्या भागात सेवा लवकरच सुरू होईल. लवकरच म्हंजी कधी, जरा बघून सांग की."

ते वाक्यही आमच्याच टीमने लिहिलेलं. 'उपलब्ध नाही' हे जरा कडक वाटतं म्हणून कुणीतरी 'लवकरच' सुचवलं होतं, आणि सगळ्यांना आवडलं होतं. मलाही.

मी त्याला म्हणालो, "अरे, सर्व्हरचा काहीतरी प्रॉब्लेम असेल. बघतो."

तो म्हणाला, "बरं दादा." त्याचा विश्वास होता. आमच्या घरातला पहिला इंजिनिअर मी.

मी बघितलं नाही. बघण्यासारखं काही नव्हतंच, सगळं मला माहीत होतं. त्याने तालुक्याच्या फायनान्सवाल्याकडूनच गाडी घेतली, हे मला आईकडून कळलं. पुढे दिवाळीला भेटलो तेव्हा त्याने विषय काढला नाही. मी तर काढणारच नव्हतो. मला गाडीवर बसवून त्याने मळ्यापर्यंत नेलं आणि रस्ताभर मायलेजबद्दल बोलत होता.

आता कुणी म्हणेल, भिंत कुठे आणि पिनकोड कुठे. कबूल. भिंतीपाशी माणसं गोळ्या घालून मारली गेली. आत्याच्या गावात फार तर एका पोराने काही हजार रुपये जास्त व्याज भरलं. दोन्ही एका तराजूत घालायचा माझा इरादा नाही, आणि कर्ज कुणाला द्यायचं हे ठरवायचा कंपनीला हक्क आहे हेही मला कळतं. धंद्याचं गणित असेल, तिथली वसुली बुडत असेल. मला टोचतंय ते गणित नाही. मला टोचतायत ते पाच सेकंद, आणि नंतरचा 'सर्व्हर'.

असो. उरलेला इतिहास पटकन सांगून टाकतो. त्या सगळ्या काळात बोगद्यातून पळायचे प्रयत्न झाले. 1980 मध्ये पूर्वेच्याच मेट्रोतला एक कर्मचारी बायकामुलांसह दोन लाईन्सना जोडणाऱ्या एका बंद बोगद्यातून यू-8 पर्यंत पोचला आणि पश्चिमेची गाडी थांबवून त्यात चढला. सिस्टिम आतून माहीत असलेला माणूस. 9 नोव्हेंबर 1989 ला सीमा उघडली आणि दोनच दिवसांत, 11 तारखेला, यू-8 वरचं यानोवित्सब्र्युके स्टेशन उघडलं, भुतांच्या स्टेशनांतलं पहिलं. मेट्रोची उरलेली बरीचशी 1 जुलै 1990 ला उघडली. नॉर्डबानहोफ 1 सप्टेंबर 1990 ला. पोट्सडामर प्लाट्झला मार्च 1992 पर्यंत थांबावं लागलं. काही ठिकाणी आत गेलेल्या लोकांना 1961 च्या जाहिराती भिंतीवर तशाच सापडल्या. यू-6 वरचं फ्रान्झ्योजिशे स्ट्रास हे स्टेशन मात्र नशिबाने फुटकं. 1990 मध्ये उघडलं आणि डिसेंबर 2020 मध्ये जवळच नवं जंक्शन झालं म्हणून पुन्हा बंद. आता तिथूनही गाडी न थांबता जाते. या वेळी पहारा नाही, एवढाच फरक.

शुक्रवारी त्या टेस्टिंगच्या बाईंना विचारलं, तुमच्या वडिलांनी नंतर कधी सांगितलं का, की पाईप नव्हते म्हणून? त्या म्हणाल्या, "सांगितलं नाही. जुलै 1990 मध्ये स्टेशन उघडलं, तेव्हा मला म्हणाले, चल. आम्ही दोघं गाडीत बसलो. घराखालून गेलो. त्यांनी वर छताकडे बोट केलं आणि म्हणाले, इथे तू उभी राहायचीस."

आज रविवार. इथे दुपारचे दोन, म्हणजे तिकडे संध्याकाळ. आत्याच्या मुलाला फोन लावला होता, पूर्ण रिंग वाजली. दुधाची फेरी असेल. तासाभराने परत लावतो.